तक्रार: बॉक्सवर स्टॅबिलायझेशन, आत नुसता आयएसओ

प्रति,
कस्टमर केअर विभाग

सर/मॅडम,

तुमचा कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतला तो एकाच कारणासाठी, बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात ‘इमेज स्टॅबिलायझेशन’ (हात हलला तरी फोटो हलू नये याची सोय) होतं आणि माझे बरेचसे फोटो देवळात नाहीतर घरात कमी उजेडातले असतात, तिथे गर्दीत ट्रायपॉड कुठे लावणार. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेचे फोटो काढले, एकही धड नाही, हललेले ते हललेले वर दाणेदार.

फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो सब्जेक्ट हलला असेल. अहो दगडी दीपमाळ आहे ती! ज्योत म्हणाल तर प्रत्येक ज्योत वेगळी हलली असती ना, इथे फोटो मोठा करून बघा (सोबत जोडलाय), प्रत्येक पणतीची अगदी सारखीच वेडीवाकडी रेघ आलीय, म्हणजे हललाय तो कॅमेराच.

मग घरी टेबलावर ठेवून चेक केलं. स्टॅबिलायझेशन बंद असताना शटर १/१५ सेकंद उघडं, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, वाढवला की फोटो दाणेदार होतो) ४००. चालू केलं की त्याच उजेडात १/१२५ आणि ३२००. बास, एवढंच! आयएसओ आठपट करून शटर आठपट फास्ट, हे तर मी पण करू शकतो की, त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला? व्हिडिओत तर चारी बाजूंनी फ्रेम कापून तीच मागेपुढे सरकवताय, वाइड अँगल गेला तो गेलाच. फोटोत ही ट्रिक चालतच नाही, शटर उघडं असताना जे फराटलं ते नंतर फ्रेम सरकवून कसं निघणार.

खऱ्या स्टॅबिलायझेशनमध्ये जायरो सेन्सर हाताची थरथर पकडतो आणि शटर उघडं असतानाच लेन्समधली एक काच उलट्या दिशेला सरकते, किंवा मग फोटो टिपणारा इमेज सेन्सरच सरकतो. कॅननच्या ७५-३०० लेन्समध्ये हे १९९५ ला आलं, मिनोल्टाने २००३ ला सेन्सर हलवून दाखवला, त्यामुळे टेक्नॉलॉजी नवीन आहे वगैरे सांगू नका. तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘डिजिटल’ (म्हणजे काच किंवा सेन्सर न हलवता केलेलं) हा शब्द आहे, बॉक्सवर तो नेमका गाळलाय, हे चुकून झालं असं मला तरी वाटत नाही.

दुकानदार म्हणतो बॉक्स उघडला, आता परत घेणार नाही. रिपेअर नकोय, बिघाड नाहीच आहे त्यात. पूर्ण पैसे परत करा आणि बॉक्सवर ‘डिजिटल’ तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवतोय, बिल आणि फोटो तयार आहेत.

तुमचा एक ग्राहक