गळती सापडली

प्राग, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

पोळ्याच्या दिवशी बाबांनी फोनवर विचारलं, "तू तिथं दिवसभर करते तरी काय?" मी हसून टाळलं. खरं म्हणजे तीन आठवडे मी प्रयोगशाळेतल्या हेलियमच्या भांड्याची एक गळती शोधत होते.

हेलियम हा वायू उणे 269 अंशांवर पातळ होतो. वरची वाफ पंपानं ओढत राहिलं की आणखी गार होतो, रांजणातल्या पाण्यासारखाच. काचेतून बघावं तर खदखदत असतो, आणि उणे 271 च्या आसपास एकाएकी निपचित. मग हवाही जाणार नाही अशा फटीतून तो निसटतो. आमचं भांडं एरवी तपासलं की पक्कं, गार केलं की गळकं! शेवटी एका बोल्टजवळ झाकणाखालची इंडियम या मऊ धातूची तार नीट दबली नव्हती. बाबा, रात्रीच्या लाइनीवर ओलित करताना दांड कुठं फुटला ते तुम्ही बॅटरी घेऊन शोधता, उंदराचं बीळ सापडेपर्यंत. तुम्हाला निदान चिखल तरी दिसतो.

आपल्या हौदात हात फिरवला की लहानमोठे भोवरे उठतात, कसेही. या हेलियममध्ये मात्र भोवऱ्यांचा जोर ठरलेला. शास्त्रज्ञ ऑनसागर यांनी 1949 मध्ये हे सुचवलं. भोवरा म्हणजे ज्याचा गाभा जेमतेम अणूएवढा जाड, असा धागा. मी तळाशी हीटर लावते आणि धाग्यांचा गुंता होतो. आई, तू दुधाच्या बोटानं वातीला वात जोडतेस ना, तसे दोन धागे भिडले की जुळतात. फक्त इथं तुटून जोडीदार बदलतात.

गुंता डोळ्यांना दिसत नाही. पण इथं उष्णता आवाजासारखी लाटेनं धावते, सेकंदाला वीसेक मीटर. गुंत्यातून जाताना ती क्षीण होते, त्यावरून घनसेंटिमीटरात किती लांब धागा आहे ते कळतं. शास्त्रज्ञ व्हिनेन यांनी 1957 मध्ये असंच मोजलं होतं. मंगळवारी रात्री अडीचला माझ्या पडद्यावर ती लाट पहिल्यांदा खचली. तुमच्याकडे उजाडलं होतं, बाबा कोठ्यात असतील म्हणून फोन केला नाही.

याचा उपयोग काय, असं गावात विचारतील. पिकाला काही नाही. नदीचा खळाळ अजून कुणाला पुरता गणितात बसवता आलेला नाही. इथले भोवरे एकसारखे, म्हणून सुरुवात इथून.

सीतादही झाली का? पऱ्हाटी कशी आहे? बाबा, रात्री ओलिताला एकटे जाऊ नका, गमबूट घाला. मी आणलेले अजून खुंटीलाच आहेत, आईनं सांगितलं.

तुमची,
बेबी