मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर आणि तात्यांचा सेल टेस्टर

क्वार्टझाइट, ॲरिझोना
२६ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला तू फोन केलास तेव्हा मी जमिनीवर पालथा पडून ट्रेलरच्या खाली हात घातला होता. म्हणून "नंतर करतो" म्हणून ठेवला, आणि नंतर केलाच नाही. वहिनी म्हणाल्या असतील, अमेरिकेत जाऊन माणूस बदलला. बदललो नाही मर्दा, इन्व्हर्टरशी झुंजत होतो. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तुझ्यासारख्या बॅटरीवाल्याला ती सविस्तरच सांगायला हवी, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही जुना ट्रेलर घेतला हे तुला माहीत आहे. चोवीस फुटी, गाडीमागे ओढायचा, आत पलंग, ओटा, संडास, सगळं. गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडमध्ये लावला की खांबाची वीज मिळते, तेव्हा काही प्रश्न नसतो. पण इथे क्वार्टझाइटला सरकारी वाळवंट आहे. चौदा दिवस फुकट राहा नाहीतर ठरावीक भागात फी भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्खा हंगाम काढा. खांब नाही, नळ नाही. चारी बाजूला खडे, सग्वारो निवडुंग आणि हजारो म्हातारे-म्हाताऱ्या आपापली फिरती घरं घेऊन आलेले. गावात एका उंटवाल्याची समाधी आहे, दगडी पिरॅमिड आणि त्यावर धातूचा उंट. हाजी अली त्याचं नाव. १८५०च्या दशकात अमेरिकन लष्कराने उंट आणले त्यांच्याबरोबर तो आला, १९०२ साली इथेच वारला. इथल्या लोकांना "हाजी अली" म्हणता येईना, म्हणून समाधीवर "हाय जॉली" असं लिहिलंय. मुंबईच्या दर्ग्याचं नाव ऐकत वाढलेल्या मला ते वाचून काय वाटलं असेल, तूच बघ.

तर इथे सगळी मदार बॅटरीवर. सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, म्हणजे बारा व्होल्ट, २२५ अँपिअर-अवर. गोल्फच्या गाड्यांना लागतात त्या. पुढे ओढणीच्या दांड्यावर उघड्या हवेत बसवलेल्या. छतावर ४०० वॅटचे सोलर पॅनल. आणि आधीच्या मालकाने पलंगाखाली बसवलेला दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर.

रोग असा. मिक्सर चालतो. इकडे येताना हिने आणलेला, ११० व्होल्टवाला, साडेपाचशे वॅटचा. तिळाचं कूट त्यावर झोकात झालं. पण मायक्रोवेव्ह लावला की बरोबर चाळीस सेकंद, मग टीं टीं टीं आणि अंधार. डिस्प्लेवर लो व्होल्टेज. पुन्हा चालू करावा तर दहा सेकंदांत बंद.

हे नोव्हेंबरातही झालं होतं, आणि तेव्हा मी जे केलं ते तुझ्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक करतं. बॅटरी बदलली. लो व्होल्टेज दाखवतोय म्हणजे बॅटरी गेली, यात विचार तो काय करायचा? सव्वातीनशे डॉलर मोजले. नव्या बॅटऱ्या, घरी वीज होती, तपासलं नाही. इथे आलो, पहिल्या संध्याकाळी मायक्रोवेव्ह लावला. चाळीस सेकंद. ही काही बोलली नाही. न बोलण्याचीही एक पट्टी असते, ती तुला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर वेगळी सांगायला नको.

मग मी इन्व्हर्टरला शिव्या घातल्या. तीन हजार वॅटचा नवा मागवायचाच बाकी होता. मीटरने पाहिलं तर सकाळी बॅटरीवर १२.६. म्हणजे बॅटरी भरलेली, मग दोष इन्व्हर्टरचाच, असं मी स्वतःला पटवलं. आणि त्या क्षणी, खरं सांगतो, सांगलीच्या गणपती पेठेतलं तुमचं दुकान आठवलं. २००५-०६चं भारनियमन. आपण विश्रामबागच्या खोलीवरून पंखा बंद म्हणून तुमच्या दुकानात येऊन बसायचो, आणि तुझे तात्या कोणीतरी आणलेल्या बॅटरीवर तो दोन काट्यांचा सेल टेस्टर टेकवायचे. मधली पट्टी लाल व्हायची, काटा धाडकन खाली. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो आत्ता तर बारा व्होल्ट दाखवत होती." तात्या म्हणायचे, "बिनलोडचं व्होल्टेज म्हणजे पाहुण्यांसमोर बसलेलं पोर. शहाणंच दिसणार."

आणि मी १२.६ बघून निकाल देत होतो!

दुसऱ्या दिवशी गावातल्या सोलरच्या दुकानातून डीसी अँप मोजणारा क्लॅम्प मीटर आणला. माझ्याकडे होता तो फक्त एसीवर चालतो, डीसी केबलला अडकवला तर शून्य दाखवून मोकळा होतो. मायक्रोवेव्हच्या दारावर लिहिलंय हजार वॅट. ते अन्नाला मिळणारे. मागच्या स्टिकरवर घेणारे दीड हजार. इन्व्हर्टर स्वतःचं दहा-बारा टक्के खातो, म्हणजे बॅटरीकडून सतराशे. सतराशेला बंद पडतानाच्या साडेदहा व्होल्टने भाग, १६० अँपिअर येतात. क्लॅम्प मीटर मात्र १९० दाखवत होता.

तीस अँपिअर कुठे जातायत? सगळ्या घराचे एकेक ब्रेकर पाडत गेलो. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर मी आधीपासून बंदच ठेवतो, नाहीतर इन्व्हर्टर बॅटरीतून वीज काढणार आणि त्याच विजेने तीच बॅटरी भरायला बसणार, म्हणजे आपल्याच विहिरीतलं पाणी उपसून आपल्याच विहिरीत. तो नव्हता. निघाला फ्रीज. या ट्रेलरमधले फ्रीज गॅसवरही चालतात आणि विजेवरही, आणि "ऑटो"वर ठेवला की वीज दिसताच गॅस सोडतो. इन्व्हर्टर चालू केला की त्या बिचाऱ्याला वाटायचं खांबाची वीज आली, आणि तो गुपचूप तीनशे वॅट घेऊन बसायचा. महिना-दीड महिना मला कळलं नव्हतं. "गॅस"वर फिरवला. मायक्रोवेव्ह चाळीस सेकंदांऐवजी दोन मिनिटं चालला. मग पुन्हा टीं टीं.

आता खरी मजा. मी हिला मायक्रोवेव्हपाशी उभं केलं, आत पाण्याचं भांडं, आणि म्हणालो, मी ओरडलो की बटण दाब. मी बाहेर बॅटरीपाशी. लोडवर बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ११.६. या बॅटऱ्यांवर छापलेलं असतं, ७५ अँपिअरला ११५ मिनिटं, म्हणजे साधारण १४४ अँपिअर-अवरच. २२५ अँपिअर-अवर हा आकडा वीस तास हळूहळू काढली तरचा. आपण १६० ओढतोय, म्हणजे ती एवढी बसणारच, तिचा दोष नाही. मग धावत आत, पलंगाखाली इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मीटर: १०.६. बघता बघता १०.५, आणि बंद. साडेदहाला तो स्वतःहून बंद होतो, हाच त्याचा कट-ऑफ.

बॅटरी ११.६ देतेय आणि इन्व्हर्टरला साडेदहा पोचतायत. मधे १.१ व्होल्ट कोणीतरी खातोय.

चोर धरायची तुझी पद्धत वापरली. मीटर व्होल्टवरच, पण एक काटा बॅटरीच्या खुंटावर (केबलच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर नव्हे, खुंटावरच) आणि दुसरा पुढच्या जोडावर. लोड चालू असताना जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या तुकड्यात मेले. लोड नसेल तर सगळीकडे शून्य, सगळे साव. खुंटापासून कट-ऑफ स्विचपर्यंत ०.०५, ठीक. त्या गोल स्विचच्या एका लगपासून दुसऱ्या लगपर्यंत ०.३! हात लावला तर चटका. लागणारच, ०.३ गुणिले १६०, पन्नासेक वॅट त्या काडेपेटीएवढ्या स्विचमध्ये जळत होते. पुढे फ्यूज आणि पॉझिटिव्ह केबल मिळून आणखी ०.३. केबल बारीक, शिवाय बारा फूट लांब.

आणि निगेटिव्हला ०.४५. इथे मी आधीच्या मालकाला मनातून दंडवत घातला. त्याने निगेटिव्ह केबल बॅटरीपर्यंत नेलीच नव्हती. पलंगाखाली चॅसीला, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट मारला आणि पुढे बॅटरीपाशी चॅसीवरून एक बारीक वायर घेतली. बोल्टखाली रंग तसाच, त्यावर गंज. मोटारीच्या दिव्यांना चालेल अशी बॉडी अर्थ, आणि तिच्यातून १६० अँपिअर नेतोय हा बहाद्दर. तू फोन केलास तेव्हा मी याच बोल्टला घासकागद मारत होतो.

मग मिक्सर का चालायचा, तेही कळलं. मिक्सरची मोटार सुरू होताना धक्का देते पण तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत, नंतर पाचशे-सहाशे वॅट. इन्व्हर्टर क्षणभराची पडझड सोसतो. मायक्रोवेव्ह मानगुटीवर बसून राहतो. आणि केबलीत व्होल्टेज जेवढं पडेल तेवढे तेच वॅट भरून काढायला इन्व्हर्टर जास्त अँपिअर ओढतो, त्याने आणखी पडतं. म्हणून बीप वाजायला लागल्यावर शेवटचे दहा सेकंद एवढे झटपट जायचे.

दुरुस्तीला दीड दिवस लागला. इन्व्हर्टर पलंगाखालून काढून पुढच्या सामानाच्या कप्प्यात आणला, बॅटरीच्या भिंतीपलीकडे. बॅटरीच्याच खोक्यात ठेवला नाही, काळजी करू नकोस, हायड्रोजन आणि ठिणगी यांची गाठ मला घालायची नाही. आता केबल पाच फूट जाणारी, पाच फूट येणारी. इथे जाड केबलला "टू-ऑट" म्हणतात, अंगठ्यापेक्षा थोडी बारीक, तशी घेतली, दोन्ही पोल थेट बॅटरीपर्यंत. स्विच ३०० अँपिअरचा, फ्यूज क्लास-टी, म्हणजे मोठा करंट झटकन तोडणारा. शेजारच्या ट्रेलरमध्ये एक सत्तरीपलीकडचे गृहस्थ आहेत, आयुष्यभर खाणीत वायरमन. त्यांच्याकडे केबलवर लग दाबून बसवायचा हायड्रॉलिक क्रिम्पर होता. माझा लग हातोडीने ठोकायचा बेत ऐकून त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि क्रिम्पर घेऊन आले. आठ लग दाबून दिले. मोबदल्यात गुळाची पोळी तुपाबरोबर. त्यांनी विचारलं, आत काय आहे? तीळ आणि गूळ हे मी तीनदा समजावलं, त्यांनी चौथी मागितली.

पान्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळली, अंगठी काढून हिच्याकडे दिली. तुझ्या धाकट्या काकांच्या मनगटावरचा घड्याळाच्या पट्ट्याने भाजल्याचा डाग मी विसरलेलो नाही. इन्व्हर्टरला शेवटचा लग टेकवताना आतले कपॅसिटर भरतात ती ठिणगी मात्र उडतेच, म्हणून आधी एक रेझिस्टर टेकवून ते भरून घेतले. हे तू २००६ साली शिकवलं होतंस आणि मी तेव्हा हसलो होतो.

मग परीक्षा. बॅटरीवर ११.७, इन्व्हर्टरवर ११.४५, क्लॅम्पवर १४८. सहा मिनिटं मायक्रोवेव्ह चालला. ही आत उभी, मी बाहेर, आणि दोघंही काही न बोलता त्या पाण्याच्या भांड्याला उकळी येईपर्यंत थांबलो. संध्याकाळी फिनिक्सहून दोन मराठी कुटुंबं आली, दोन तासांचा रस्ता. उंधियू, मसालेभात, सगळं त्यांनी डब्यांतून आणलेलं, एकापाठोपाठ एक गरम केलं. कोणाला काही कळलं नाही की यात विशेष काय आहे. मी सांगायला लागलो तर हिने तिळगुळाची वडी माझ्या तोंडात घातली.

मर्यादा आहेतच. हेअर ड्रायर आणि मायक्रोवेव्ह एकदम चालणार नाहीत, दोघं मिळून तीन हजारांच्या वर जातात. छतावरचा एसी बॅटरीवर लावायचा विचारही नाही. पहाटे थंडीत बॅटरी मलूल असते, तेव्हा चहा गॅसवर. तू लिथियम घे म्हणशील. घेईन, पण घाईने शंभर अँपिअर-अवरची एक घेणारे इथे पाहिले: तिच्या आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बहुधा शंभर अँपिअरला तोडतो, म्हणजे जेमतेम पावणेतेराशे वॅट, आणि मायक्रोवेव्ह लावला की इन्व्हर्टरच्या आधी बॅटरीच डोळे मिटते. तेव्हा घेतल्या तर दोन घेईन, समांतर. शिवाय शून्याखाली त्या चार्ज करायच्या नाहीत, हे पथ्य वेगळं.

एक विचारायचं राहिलं. तात्यांच्या वर्षश्राद्धाला मला येता आलं नाही, त्याबद्दल तू काही बोलला नाहीस, पण मला माहीत आहे. तू दुकान आवरतोयस असं वहिनी हिला म्हणाल्या. तो लाकडी मुठीचा सेल टेस्टर अजून आहे का? मुठीला पिवळी टेप होती, एक काटा थोडा वाकलेला. भंगारात देऊ नकोस. मे महिन्यात तीन आठवडे येतोय, तेव्हा घेऊन जाईन. त्याची किंमत लावशील तर तुझी माझी दोस्ती संपली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वाळवंटातला वायरमन

ता. क. मिक्सरचं छोटं भांडं गळतंय. त्याचा रबर तिकडे मिळतो का बघून ठेव.