झाडांना लाल रंग लावण्याआधी विचारायचं होतं

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या वावरात चार माणसं आली. सोबत तिपाईवरचं मोजणीचं यंत्र आणि रंगाचा डबा. मी बँकेच्या कामाने कळमेश्वरला गेले होते, घरी फक्त ऐंशीच्या पुढच्या सासूबाई. मी परत येईपर्यंत संत्र्याच्या चार ओळींतल्या ६४ झाडांच्या बुंध्यांवर लाल फुल्या मारून झाल्या होत्या. डिंक्या लागू नये म्हणून पावसाळा संपताच मी स्वतः त्या बुंध्यांना बोर्डो मलम लावलं होतं. त्या निळसर पांढऱ्या थरावर आता लाल फुली आहे. आंबिया बहाराची फळं रंगावर आली आहेत, तोडा पंधरा दिवसांवर आहे. एका झाडाचा टेकू बाजूला सारून रंग लावला गेला आणि फांदी फळांसकट मोडली. ३७ फळं होती तिला. मी मोजली.

सासूबाईंनी त्या पोराला विचारलं, "काहून रे बाबू, झाडाले हे लाल काहून लावलं?" तो म्हणाला, "आजी, वरून ऑर्डर आहे. चोवीस मीटरचा रस्ता जाणार हाय इथून."

साहेब, मागच्या वर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला एक अधिकारी आमच्या गावात आले होते. मारुतीच्या पारासमोर सतरंजीवर दीडशे माणसं बसली होती, त्यात साठेक बाया. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की गावकऱ्यांसोबत शिवारफेरी, म्हणजे शिवारात पायी फिरून पाहणी, केल्याशिवाय या गावच्या नकाशावर एकही रेघ पक्की होणार नाही. टाळ्या पडल्या. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. ते वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात घ्यायला मीच लावलं आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत माझ्या पेटीत आहे. शिवारफेरी आजपर्यंत झाली नाही. थेट रंगाचा डबा आला.

तुम्ही म्हणाल, विकास आराखड्यावर हरकती घेतल्या होत्या ना? घेतल्या होत्या. तीस दिवसांची मुदत, आणि ती आम्हाला कळली तेव्हा तिच्यातले एकोणीस दिवस गेले होते. तरी गावातून ५२ जणांनी हरकती दिल्या. सुनावणीला आम्ही दोन गाड्या करून नागपूरला गेलो. सकाळी दहाची वेळ, माझा नंबर लागला पावणेचारला. भिंतीवर नकाशा होता आणि त्यात आमचं अख्खं गाव माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. मी बोलायला सुरुवात केली, दुसऱ्या मिनिटाला "नोंद घेतली, पुढचे या" असं सांगून मला उठवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: हरकत अमान्य. कारण नाही. माझ्या शेजारच्याला तेच, त्याच्या शेजारच्याला तेच. ५२ माणसांचं ५२ प्रकारचं म्हणणं आणि उत्तर एकच.

त्या दिवशी मला काय सांगायचं होतं, ते आता इथे सांगते.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला काळी कसदार जमीन आहे. जुलैत नाला फुगला की तिथे दोन-दोन दिवस पाणी साचतं. ती काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. म्हणून आमच्या वाडवडिलांनी गावठाण वरच्या बरडावर वसवलं, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही. तुमच्या नकाशात ती काळी जमीन पिवळ्या पट्ट्यात आहे, म्हणजे तिथे घरं होणार. आणि बरड हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे तिथे शेती होणार! कुणी एकदा चपला घालून आमच्यासोबत दोन तास फिरलं असतं तर ही चूक झाली नसती. सकाळी गावची गुरं जिथे गोळा होतात ते आखर नकाशात रिकामी जागा म्हणून दाखवलं आहे. बंडी जाते ती पांदण नकाशात नाहीच. आणि नवा रस्ता नाल्याला आडवा आहे. त्याच्या भरावामुळे पाणी कुठे तुंबेल, हे आमच्या गुराख्याने बोट दाखवून सांगितलं असतं. त्याला कोण विचारतो?

पण काहींना आमच्या आधी सगळं माहीत होतं. आमच्या चावडीवर नकाशा लागला त्याच्या सहा महिने आधी नियोजित रस्त्याच्या दोन्ही अंगांना लेआउटचे फलक लागले होते. 'डीपी रोड टच प्लॉट' असं त्यावर लिहिलेलं. डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, हे आम्ही त्या फलकावरून शिकलो. ज्यांची जमीन जाणार त्यांना शेवटी कळतं आणि ज्यांना प्लॉट विकायचे त्यांना आधी कळतं, हे कसं होतं याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

गावाला विचारून जमिनीचं नियोजन करणं ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. आपल्या विदर्भात ती कायद्यात लिहिलेली आहे. मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी जुनी पद्धत, गेली, गावाच्या मोकळ्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न आला, तेव्हा निस्तार पत्रकं तयार झाली. चराई कुठे, सरपण कुठलं, गुरांची वाट कोणती, सगळं त्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १६१ उघडून बघा. निस्तार पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा आणि गावातल्या रहिवाशांची इच्छा जाणून घेऊनच तो जिल्हाधिकाऱ्यांनी अंतिम करायचा, असं तिथे आहे. रहिवाशांची इच्छा, साहेब. नुसत्या हरकती नव्हेत. सरपणासाठी गावाची इच्छा विचारणारा कायदा आणि आख्खं शिवार शहराच्या पोटात घालताना मात्र दोन मिनिटांची सुनावणी?

१९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, त्यात जमीन सुधारणा आणि मृदसंधारण अगदी वरच्या ओळीत. प्रत्यक्षात पाच वर्षं सदस्य असताना मी काय ठरवलं? पेव्हर ब्लॉक कोणत्या गल्लीत लावायचे आणि हायमास्टचा खांब कुठे उभा करायचा. नागपूरभोवतीच्या ९ तालुक्यांतली ७१९ गावं एका विकास आराखड्यात आहेत, तो जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झाला. ७१९ गावांच्या ग्रामसभांपुढे त्यातलं किती वाचून दाखवलं गेलं? घटनेच्या कलम २४३ झेडई प्रमाणे महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातूनच निवडायचे असतात. ते कलम लिहिणाऱ्यांना गावाची किंमत कळत होती.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) लहानसं गाव आहे. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ते गाव अभ्यास गट करून, सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेतं. जंगलातल्या गोंड आदिवासींना जे जमतं ते आम्हा संत्रेवाल्यांना जमणार नाही, असं मुंबईत कुणी ठरवलं?

आता माझं सांगते. सासऱ्यांनी २००९ च्या पावसाळ्यात ही बाग लावली, जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली २७५ कलमं, अडीच एकरांत. पाच वर्षं तुरीच्या आंतरपिकावर घर चालवलं, तेव्हा कुठे पहिला बहार हाती आला. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बागाच्या बागा वाळल्या. मी मंगळसूत्र गहाण ठेवून टँकरने पाणी घातलं, तेव्हा ही झाडं जगली. त्या ६४ झाडांच्या शेवटच्या ओळीत विहीर आहे. विहीर गेली की उरलेली २११ झाडंही गेली. मंगळवारी मी बँकेत गेले होते ती ठिबकच्या कर्जासाठी. त्यांनी झोन दाखला, म्हणजे आराखड्यात जमीन कशासाठी दाखवली आहे त्याचा दाखला, मागितला होता. दाखल्यावर 'अंशतः रस्त्याने बाधित' असं आहे आणि कर्ज नाही म्हणून सांगितलं. भरपाई कधी? तेही कुणी सांगत नाही. एक बाबू म्हणाला, मोबदल्यात टीडीआर घ्या. दुसरीकडे इमारत बांधायचा हक्क म्हणे. आम्ही कुठे इमारत बांधणार?

कायदा सांगतो की आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, मग आणखी चोवीस महिने थांबावं. बारा वर्षं. तोवर ना कर्ज, ना नवी कलमं, ना मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायची सोय. संत्र्याचं झाड बारा वर्षं नुसतं उभं राहत नाही, त्याला दर वर्षी जीव लावावा लागतो. फुली मारलेल्या झाडाला मी शेणखत घालू की नको, एवढं तरी मला कुणी सांगावं.

२०२५ मध्ये हिंगणा तालुक्यात नवीन नागपूर वसवायचं ठरलं, सुमारे ६९२ हेक्टरवर. मौजा गोधनी (रिठी) आणि मौजा लाडगाव (रिठी). रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेलं गाव, आपल्या पटवारी दप्तरातला शब्द. ती बातमी वाचल्यापासून माझ्या मनातून तो कंस जात नाही. आमच्या गावात आज चारशे उंबरे आहेत.

माझी मागणी मोठी नाही. ही आखणी थांबवा. गावाचा नकाशा सर्व्हे नंबरासकट, माणसाला वाचता येईल एवढा मोठा, मराठीत, चावडीवर लावा. मग शिवारफेरी करा, गुराखी आणि बाया सोबत घेऊन, कारण सरपणाची आणि पाण्याची वाट त्यांना माहीत. आधी महिला सभा, मग ग्रामसभा, हे तर तुमच्याच कायद्यात आहे. कुणाची हरकत फेटाळायची असेल तर कारण लिहा. रस्ता नकोच, असं आम्ही म्हणत नाही. बरडाच्या कडेने तो नेता येतो आणि त्यात एकही विहीर जात नाही. आम्ही दोरी धरून मोजलं आहे.

डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही नागपूरला याल. विधानभवनापासून आमचं गाव तासाभराच्या अंतरावर आहे. एक सकाळ काढा. येता येत नसेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेला त्या अधिकाऱ्यांना पाठवा ज्यांनी पारासमोर शब्द दिला होता. इतिवृत्ताची वही टेबलावर ठेवलेली असेल. ते पान त्यांनी स्वतः वाचून दाखवावं.

आपली,
कळमेश्वर तालुक्यातली एक संत्रा उत्पादक शेतकरी