ऑ साबल नदीवरच्या चौकटीच्या शर्टवाल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला मराठी येत नाही, तेव्हा लेक हे पत्र इंग्रजीत उतरवून देणार आहे. तरी आधी मराठीत लिहितोय, कारण मिशिगनमधली आमची मंडळी दर उन्हाळ्यात चार-पाच कुटुंबं जमवून ग्रेलिंग गावी कनू (वल्ह्याच्या निमुळत्या होड्या) भाड्याने घ्यायला येतात. त्यांनीही हे वाचावं.

जुलैतला शनिवार. आमच्या पाच कनू, एकीत खाण्याचे डबे, एकीत स्पीकर. बर्टन्स लँडिंग मागे पडलं होतं. तिथून वेकली पुलापर्यंतच्या साधारण ८ मैलांना तुम्ही लोक ‘होली वॉटर’ म्हणता, तिथे फक्त फ्लायने (माशीसारख्या बनवलेल्या गळाने) मासेमारी चालते आणि धरलेला ट्राउट मासा परत सोडावा लागतो, यातलं आम्हाला काहीएक ठाऊक नव्हतं. वळणावर तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे होतात. मी वल्हं आपटत नेमका तुमच्या आणि पलीकडच्या काठाच्या मधून गेलो, वर हात हलवून ‘हाय’ही केलं. तुम्ही गळाची दोरी आवरलीत, मान हलवलीत, बस्स. त्याआधी वरच्या अंगाला एकजण आमच्यावर चांगलाच खेकसला होता. (त्याचंही खरं होतं, हे आता कळतं. पण खेकसण्यातून आम्ही काहीच शिकलो नव्हतो.)

पुढच्याच वळणावर सीडरचं झाड पाण्यात आडवं पडलेलं. कनू त्याला जाऊन टेकली, मी घाबरून झाडापासून लांब झुकलो आणि पाणी भसकन आत आलं. मुलगा आणि मी बाहेर फेकले गेलो. नऊ वर्षांची लेक फांदीला लटकून राहिली. लाइफ जॅकेट होतं, पाणी खोलही नव्हतं, तरी तिची ती हाक अजून कानात आहे. तुम्ही काठी रोवत, एक-एक पाऊल चाचपत आलात. ‘पाय वर ठेव, पाय वर,’ एवढंच तिला सांगत होतात. तिला खांद्यावर घेतलंत तेव्हा तुमच्या वेडरमध्ये (पाण्यात उभं राहायच्या त्या उंच रबरी विजारीत) पाणी शिरलं.

ऊन रणरणत होतं आणि पोरीचे दात वाजत होते. या नदीला वाळूतून झिरपणारं भूजल मिळतं, म्हणून ती जुलैतही गार असते आणि म्हणूनच तिच्यात ट्राउट जगतो, हे तुम्ही तिला अंगावरचा चौकटीचा शर्ट पांघरताना सांगितलंत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, ‘झाडावर आदळलास तर झाडाकडेच झुकायचं. मिठी मारल्यासारखं.’

मी माफी मागितली. तुम्ही हसून म्हणालात, आज ॲल्युमिनियम हॅच जोरात आहे! पाण्यातून माश्यांचे थवे वर येतात त्याला हॅच म्हणतात आणि दुपारी ॲल्युमिनियमच्या कनूंची रांग लागते तो तुमचा दुसरा हॅच, हे समजायला मला थोडा वेळ लागला. पाऊण तास तुम्ही ज्या एका माशावर डोळा ठेवून होतात, त्याच्या डोक्यावरून मी वल्हं मारत गेलो होतो, हेही तेव्हाच कळलं. आमच्या गावी गळ टाकून बसलेल्या माणसाजवळ कुणी साधा खडा टाकला तरी आज्यापणज्याचा उद्धार व्हायचा. ते मी जाणत होतो. इथे आल्यावर विसरलो.

तुम्ही पाण्यातला एक दगड उलटा करून लेकीच्या तळहातावर ठेवलात. त्याला बारीक वाळू चिकटवून केलेली नळी होती आणि नळीतून एक अळी डोकं काढत होती. कॅडिस नावाच्या किड्याचं घर. दात वाजायचे थांबले ते तेव्हा.

ग्रेलिंग हे गावाचं नाव एका माशावरून पडलं आणि तो मासा या नदीतून केव्हाच नाहीसा झाला, हेही तुमच्याकडूनच कळलं. लाकूडतोड्यांनी ओंडके सोडून नदीचा तळ खरवडला, हे तर झालंच. ‘पण गळवालेही टोपल्या भरभरून नेत होते,’ असं तुम्ही आपण होऊन म्हणालात. १९५९ मध्ये याच नदीकाठी ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउट आणि नद्या जपणारी संस्था सुरू झाली, तोवर त्या माशासाठी फार उशीर झाला होता.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा आलो. या वेळी स्पीकर नव्हता. वेडर घातलेलं कुणी दिसलं की वल्ही आडवी ठेवायची, कनू नुसती वाहू द्यायची आणि त्याच्या पाठीमागून जायचं. पाठीमागे जागा नसेल तर लांबूनच हळू आवाजात विचारायचं. लेक पुढे बसून हुकूम सोडत होती. एकाने टोपीला हात लावला, तर पोरगी संध्याकाळपर्यंत हवेत!

तुम्ही मात्र त्या वळणावर नव्हता. शर्ट धुऊन, इस्त्री करून गाडीत ठेवलाय. खिशात तुमची एक फ्लाय अडकलेली सापडली, ती काडेपेटीत आहे. जूनअखेरीस रात्रीच्या मोठ्या माश्या निघतात तेव्हा तुम्ही हमखास येता म्हणालात. आम्ही काठावरच थांबू, कनूशिवाय.

तुमचा,
मधूनच वल्हं मारत गेलेला