भाजीवाल्या मावशींना, बाबांच्या वटाण्यांबद्दल

मावशी,

सप्रेम नमस्कार. समोरासमोर बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहिते आहे.

बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि घरामागचे वटाण्याचे वाफे नेमके तेव्हाच भरले. आधी अर्केल, मग बोनव्हिल अशा वटाण्याच्या दोन जाती त्यांनी मुद्दाम मागेपुढे पेरल्या होत्या; नागपूरची थंडी टिकेल तोवर ताज्या शेंगा मिळाव्यात म्हणून. आम्ही दवाखान्याच्या धावपळीत आणि इकडे वेल शेंगांनी लदलेले. ज्या माळ्यानं उचल घेतली त्यानं फोन बंद ठेवला. नातेवाइकांनी पिशव्या भरभरून नेल्या, पण एक डबा दवाखान्यात पोचवायला कोणाला वेळ झाला नाही. वर सल्ला दिला, "जबलपूरचा माल ढिगानं येऊन राहिला आहे, उपटून टाका ते वेल." बाबा घरी आल्यावरही ते नातेवाईक त्यांच्या खाटेजवळ उभं राहून हेच बोलले. अजून आठवलं की संताप होतो.

तुमच्या ठेल्यावर तर विकायला तोच वटाणा होता. पहाटे कळमन्याच्या बाजारातून माल आणायचा, दिवसभर गल्ल्या फिरायच्या, तरी रोज सकाळी तुम्ही आमच्या फाटकाशी थांबलात. शेंगा वेलावर जून झाल्या की वेल फुलं धरणं सोडतो, म्हणून तोडा थांबू द्यायचा नाही, हे तुम्ही सांगितलंत. तोडल्यापासून दाण्यातली गोडी उतरायला लागते, तेव्हा त्याच दिवशी सोलायचे. उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचे, कापडावर पुरते कोरडे करून मग फ्रीझरमध्ये. सालांचा आतला पापुद्रा काढून भाजी करायलाही तुम्हीच शिकवलंत.

पण मावशी, हे सगळं एका बाजूला. पहिल्या दिवशी तुम्ही टोपली घेतलीत आणि वाफ्याकडे न जाता चपला काढून आत आलात. बाबांच्या खाटेशी उभ्या राहून विचारलंत, "काकाजी, आज कोन्त्या वेलाच्या तोडू?"

पडल्यापासून सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. बाबांनी मान वळवली. म्हणाले, "कुंपणाकडच्या. खालच्या शेंगा आधी, त्या अगोदर भरतात." इतकं लांब वाक्य ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी तुमचा आवाज यायच्या आत त्यांनी उशी उंच करून मागितली. मग तुम्ही तोडायच्या आणि ते मांडीवर परात घेऊन सोलायचे. तुम्हाला शेंगा बाबांना न विचारताही तोडता आल्या असत्या. उलट तुमचा वेळच वाचला असता. तरी विचारलंत, रोज विचारलंत. माणसाचा मान राखणं याहून वेगळं काय असतं? शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या किती जणांना ते जमलं नाही, ते मी पाहिलं आहे.

आता ऊन तापलं, पानांवर भुरी आली, वेल संपले. बाबांच्या सांगण्यावरून वेल जमिनीलगत कापले, मुळं आतच ठेवली. त्यांवरच्या गाठींतलं नत्र पुढच्या भाजीला मिळेल. बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा वाळल्या आहेत. त्यातलं अर्धं बी तुमच्या अंगणासाठी बाबांनी वेगळं बांधलं आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान रविवारी दुपारी घरच्यांना घेऊन जेवायला या. फ्रीझरमधल्या वटाण्यांचा भात करणार आहे, तिखट जरा जास्तच, तुम्हाला आवडतं तसं.

तुमची,
काकाजींची मुलगी