आई-बाबा, ओट्सची खळ आता बंद

हॅरिसबर्ग, पेन्सिल्व्हेनिया
१९ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई सांगत होती की डॉक्टरांनी ओट्स खायला सांगितलेत आणि बाबांनी दोन घास खाऊन वाटी सरकवली. मागून बाबांचा आवाज आलाच, "ओट्स कसले, पोस्टर चिकटवायची खळ आहे ती!" मला हसू आलं. पण पुढे आई, तू सहज बोलून गेलीस की मग ह्यांच्यासाठी घावणे घातले आणि वाटीतलं मीच संपवलं, टाकायचं कशाला. म्हणजे कोलेस्टेरॉल बाबांचं, ओट्स खातेस तू, आणि गुडघे दुखत असताना सकाळी दोनदा ओट्याशी उभी राहतेस तीही तूच. हे मला काही पटलेलं नाही. फोनवर सांगायला गेलो तर बाबा मध्येच बोलतात आणि वजन-मापं तुझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय. अदिती म्हणतेय, प्रिंट काढून पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर आईंना अक्षर बारीक दिसतं.

आधी बाबांची बाजू घेतो. पाण्यात शिजवलेले ओट्स मलाही आवडत नाहीत. बाबा, तुम्हाला गरगटा मऊ भात रोज चालतो, पण त्यावर मेतकूट असतं, तूप असतं, बाजूला लिंबाचं लोणचं असतं. ओट्सच्या वाटीत नुसता गिळगिळीतपणा, वर साखर. तर तो गिळगिळीतपणाच काढून टाकायचा. आमच्याकडे ओट्स शिजवत नाहीत, भाजतात. दूध, अंडं आणि फळं घालून भांड्यात लावायचे, भाजून घ्यायचे आणि सुरीने वड्या पाडायच्या. ताटलीत घ्यायचा तुकडा, वाटी-चमच्याचं कामच नाही.

हे आमचं डोकं नव्हे. आमच्यापासून तासाभरावर लँकेस्टर आहे, आमिश लोकांचा मुलुख. तुम्ही आला होतात तेव्हा रस्त्यावर काळ्या घोडागाड्या बघून बाबांनी गाडी थांबवायला लावली होती, तीच माणसं. बाहेरून तारेने येणारी वीज घरात घेत नाहीत, शेगड्या आणि भट्ट्या गॅसवर चालवतात. अनेकांकडे गाई. पहाटे धारा काढून माणसं घरात येतात तेव्हा दहा-बारा तोंडांना एकदम पुरेल असं काहीतरी तयार लागतं. त्या भागात भाजलेल्या ओट्सची थाळी घरोघर असते. गावातल्या सेंट्रल मार्केटमध्येही मिळते. ते मार्केट सतराशे तीसच्या दशकापासून भरतंय आणि आताची लाल विटांची इमारत १८८९ची. आठवड्यात मंगळवार, शुक्रवार, शनिवार एवढंच उघडं. शनिवारी आम्ही सफरचंदं आणायला जातो तेव्हा ओवीला तिथला एक तुकडा घ्यावाच लागतो.

पण त्यांची मूळ कृती वाचून हुरळून जाऊ नकोस. तीन कप ओट्सला एक कप साखर आणि अर्धा कप वितळलेलं लोणी! दिवसभर शेतात राबणाऱ्याला ते पचतं. बाबांची मेहनत सध्या पेपर आणण्यापुरती (बाबा, रागावू नका). म्हणून आम्ही साखर पूर्ण काढली, लोणी नावाला ठेवलं आणि गोडीचं काम फळांवर सोपवलं.

आता कृती. आई, वही घे.

दोनशे ग्रॅम ओट्स. पाकिटावर 'रोल्ड ओट्स' लिहिलेलं बघून घे, झटपट होणारे नकोत आणि मसाला पुड्या तर मुळीच नकोत, त्यात मीठ किती असतं ते मागे छापलेलं एकदा बाबांना वाचायला दे. झटपटवाले इतके पातळ लाटलेले असतात की दुधात पडल्या पडल्या पीठ होतात, आणि साखरही रक्तात लवकर चढते. बाबांची साखर काठावर आहे, तेव्हा जाड पोह्यांसारखे हे रोल्ड ओट्सच बरे. 'स्टील कट' नावाचे कण्यांसारखे येतात, तेही नकोत, एवढ्या वेळात ते शिजत नाहीत.

ओट्समध्ये एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा दालचिनीची पूड. मीठ विसरू नकोस, सगळी चव त्याच्यावर आहे. दुसऱ्या भांड्यात दोन पिकलेली केळी हाताने कुस्कर. साल काळी पडलेली, कुणी खात नाही म्हणून टोपलीत राहिलेली केळी असतात ना, तीच सगळ्यात चांगली. त्यात एक अंडं फोडून फेट, साय काढलेलं साडेचारशे मिली दूध आणि पोह्याच्या चमच्याने दोन चमचे पातळ तूप घाल. आठ खजूर बारीक चिरून टाक. आठच! खजूर म्हणजे औषध असा बाबांचा समज आहे, पण साखर ती साखरच. गूळ घालायचा मोह होईल, तो नको. दुधात गूळ तापला की दूध फाटायची भीती, हे मी तुला काय सांगणार.

सोमवारी आणि संकष्टीला तुला अंडं चालत नाही. तेव्हा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून ठेव. ती बुळबुळीत झाली की अंड्याऐवजी घाल. तुकडा थोडा ठिसूळ होतो, बाकी फरक कळत नाही.

फळांचं मात्र जरा ऐक. सफरचंद एक, सालासकट, पण फोडी हरभऱ्याएवढ्या. मोठ्या ठेवल्या तर बाजूचे ओट्स भाजून होतात आणि फोड कचकच राहते. निम्म्या फोडी भांड्याच्या तळाला पसर, त्यावर ओट्स, वरून दूध-केळ्याचं मिश्रण ओत, आणि उरलेल्या फोडी वर. इथे आत्ता ॲडम्स काउंटीची सफरचंदं आलीत, आंबटगोड, भाजल्यावर त्यांचा रस ओट्समध्ये उतरतो. जुलैत आम्ही ब्लूबेरी घालतो, ऑगस्टमध्ये पीच. तुमच्याकडे सफरचंदांवर अडून बसायचं काही कारण नाही. चिकू यात फार छान लागतो, आणि चिकू घातलास तर केळं एकच घे. मे महिन्यात हापूसचा रस दुधाऐवजी थोडा घालून बघ, फक्त तेव्हा खजूर नकोत. फणसाचे बरके गरे घालता येतील असं मला वाटतं. कच्चा अननस आणि पपई दुधाशी जमत नाहीत, कडवट होतं. कलिंगडाचं तर पाणीच होईल. पेरूही नको, बिया बाबांच्या कवळीखाली जातात आणि मग दिवसभर आपल्याला ऐकावं लागतं.

भांडं भरल्यावर अर्धा तास तसंच ठेव. ओट्स दूध पितात. आधी वाटेल की दूध फार झालं, पण ओट्स वर तरंगत असले तरी घाबरू नकोस.

आता भाजायचं कशात, हा प्रश्न तू विचारणारच. माळ्यावरचा काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन कृपा करून काढू नका. त्याच्या वायरवरचं कापड तेव्हाच फाटलेलं होतं. आजी धोंडस कसं करायची आठवतं ना? पिकलेल्या तवशाचा कीस, रवा, गूळ, नारळ, सगळं टोपात घालून चुलीवर, वर परातीत निखारे. वरून आणि खालून सारखी धग, मधलं पाणी सावकाश आटतं आणि कडा खरपूस होतात. हे तसंच आहे. निखाऱ्यांऐवजी जाड बुडाची मोठी कढई घे, तळाला बोटभर जाडं मीठ पसर, त्यावर जाळीचं स्टँड ठेव, झाकण लाव आणि दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू दे. नॉनस्टिकची कढई नको, ती रिकामी तापवायची नसते. मग सात-आठ इंची केकचं भांडं तूप लावून आत ठेवायचं आणि आच मंद करायची. कुकरमध्येही होतं, पण रिंग आणि शिट्टी काढून, पाणी न घालता. आमच्या ओव्हनमध्ये १७५ सेल्सिअसला चाळीस मिनिटं लागतात, कढईत पन्नास धर.

अर्ध्या तासाने झाकण उघडशील तेव्हा कडा बसलेल्या दिसतील आणि मध्ये भांडं हलवलं तर थरथरेल. तेव्हा अजून व्हायचंय. शेवटी सुरी मध्यभागी घालून बघ, ओलसर निघाली तरी चालेल, दूध लागलेलं नको. गॅस बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावू नकोस. गरम असताना कापलंस तर भुगा होतो, ओवीला धीर नसतो म्हणून आमचा पहिला तुकडा नेहमी भुगाच असतो.

आणि हे सकाळी करायचं नाही. मुख्य मुद्दा हाच. संध्याकाळी दिवा लावून झाला की भांडं लावायचं, मालिका बघता बघता भाजून होतं. गार झालं की सहा तुकडे करून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये. चार दिवस टिकतात. सकाळी घावण्याचा बिडाचा तवा तापवून त्यावर थेंबभर तूप, आणि तुकडा दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत. कढईत वरची बाजू फिकी राहते, ती इथे भरून निघते. खालची फळं तव्याला लागली की त्यांची साखर करपते आणि कडेला कुरकुरीत पापुद्रा येतो. बाबा, तो पापुद्रा खाऊन मग मला खळीचं सांगा. पाच मिनिटांचं काम, हे बाबांनाही जमेल. एसटीत चाळीस माणसांची गाडी घाटातून उतरवलीत, तव्यावर एक तुकडा उलटायला काय लागतं?

दोन तुकडे बाबांना, एक तुला, म्हणजे एकदा केलेलं दोन दिवस पुरतं. आठवड्यातून दोनदा कर. मधल्या दिवशी मऊ भात, घावणे, काय हवं ते. रोजच्या रोज ओट्स द्यायला गेलीस तर बाबा बंड करतील आणि सगळंच सुटेल.

बाबा, हे डॉक्टरांचं फॅड नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो, पाण्यात विरघळणारा. त्याचा आतड्यात चिकट गोळा होतो आणि त्यात पित्त अडकून बाहेर पडतं. यकृताला मग नवं पित्त तयार करावं लागतं, त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. म्हणजे तुम्ही ज्याला खळ म्हणता तीच कामाची आहे, फक्त ती तोंडात लागू नये एवढंच आपण बघतोय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या फायद्याचं लिहायला परवानगी दिली, ती दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशोबाने. त्याला साधारण पाऊणशे ग्रॅम ओट्स लागतात, तुमच्या दोन तुकड्यांत जवळपास तेवढे येतात. रोज खाल्लं तर वाईट कोलेस्टेरॉल पाच-सात टक्क्यांनी उतरतं. एवढंच. त्यामुळे गोळी बंद करायची नाही. 'आता ओट्स खातोय, गोळी कशाला' हे वाक्य तुमच्या तोंडून येणार हे मला पत्र लिहितानाच ऐकू येतंय. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पुढचा रिपोर्ट बघून.

आणखी एक, ओट्सचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या बरणीत भर. ओट्समध्ये तांदळापेक्षा तेल जास्त, आणि आपल्याकडची दमट हवा. खवट वास यायला वेळ लागत नाही. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून बाबा तेच आणतील, त्यांना अर्ध्या किलोचंच सांग.

बाकी इकडे सगळं ठीक. ओवी शाळेत रुळली. थंडी सुरू झालीय, पण हीटर अजून लावलेला नाही. नोव्हेंबरात आमची घड्याळं एक तास मागे जातील, मग तुमच्या-आमच्यात साडेदहा तासांचं अंतर होईल, तेव्हा फोन तुमच्या संध्याकाळी सातऐवजी आठला करीन. आई, जवस चिपळूणच्या बाजारात मिळतं का ते कळव, नाहीतर मावशीला पुण्याहून पाठवायला सांगतो. आणि गुडघ्याचा एक्स-रे काढलास का, हे तू परवा शिताफीने टाळलंस. त्याचं उत्तर पुढच्या फोनवर आधी हवं, ओट्सचं नंतर.

तुमचा,
बंड्या