आई-बाबा, नर्सिंग नाही, लॅबचं ठरवलंय

ऐरोली, नवी मुंबई

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा गुपचूप फोन तिच्याकडे देतात. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधली पानं गाळू नका.

मी नर्सिंगचा फॉर्म भरलेला नाही. बी.एस्सी.नंतरचा एक वर्षाचा डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, त्याला प्रवेश घेतलाय. फीचा पहिला हप्ताही भरून झालाय, त्यामुळे एफडी मोडायची नाही. तो कागद पुन्हा कपाटात ठेवा. तुम्ही तो काढून ठेवलात हे दादानं सांगितलं आणि मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

आई, तुझ्या डोळ्यांसमोर सुशीलामावशी आहे, हे मला कळतं. पांढरी साडी, गावात मान, आणि आज पहिल्या तारखेला येणारी पेन्शन. पण मावशी लागली तेव्हाचे नियम वेगळे होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत आलेल्यांना ती जुनी पेन्शन तशीच्या तशी लागू नाही. शिवाय माझं वय बघ. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, पण त्याला ३५ वर्षांची अट आहे आणि ती आता मला फार लांब नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला आता आधी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. तयारी, परीक्षा, मग चार वर्षं असं धरलं तर पदवी हातात पडेपर्यंत मी सदतीस पार करते. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८. म्हणजे एखादी भरती मिळाली तर मिळाली, आणि भरती आपल्या सोयीनं निघत नाही.

वयाचं एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण हजेरीची आहे. नर्सिंगच्या शिक्षणात वर्गातली हजेरी ८० टक्के चालते, पण वॉर्डातली पोस्टिंग १०० टक्के पूर्ण व्हावी लागते. बुडालेला प्रत्येक दिवस नंतर भरून द्यायचा, त्याशिवाय पदवी मिळत नाही. नियम बरोबरच आहे. ज्या मुलीनं प्रसूतिकक्षातले दिवस अर्धे केले तिच्या हातात बाळंतीण कोण देईल? पण चिनूचं बालदम्याचं तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर काय होतं ते तुम्ही दोघांनी इथे राहून पाहिलंय. नेब्युलायझर लावून बसलेल्या मुलाला सोडून मी पोस्टिंगला जाणार नाही, आणि न गेलेले दिवस साठत जातील. घर सांभाळून शिकणाऱ्या बायका बहुतेक इथेच अडकतात, अभ्यासात नाही.

नोकरी लागल्यावरचंही सांगते. वॉर्डात रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आल्याशिवाय आधीच्या सिस्टरला हलता येत नाही. चार्ज द्यायचा म्हणजे प्रत्येक पेशंटपाशी उभं राहून कुठलं सलाईन किती उरलंय, कोणाचं औषध द्यायचं राहिलंय, कोणाची लघवी किती झाली, हे पुढच्या सिस्टरला सांगून सही करायची. ती लोकलमध्ये अडकली की आपण वॉर्डात अडकलो. आमच्या सेक्टरमधलं पाळणाघर सातला बंद होतं. आणि नाइट तर येणारच, नव्या मुलींना जास्तच. नाइट करून सकाळी आलेली आई दिवसा झोपते की मूल सांभाळते? दोन्ही होत नाही. माझ्या कंबरेचं तर मी लिहीतच नाही. आई, तुला ती रात्र आठवत असेल. बेशुद्ध पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं काम त्या कंबरेनं होणार नाही.

काम घाणीचं म्हणून मी टाळलं, असं कोणी म्हणालं तर त्याला थेट माझा नंबर दे. रोज बघते मी सिस्टर लोकांना. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, पेशंटचा श्वास बदललाय हे आधी सिस्टरला कळतं. नर्सचा रजिस्ट्रेशन नंबर जगात जितका चालतो तितका आमचा चालत नाही, हेही खरं आहे. ते सोडताना मला वाईट वाटलं. पेशंटजवळ असणं मला आवडतं, हे तुम्ही दोघंही जाणता.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते लिहिते. आई, तू म्हणालीस, "तू शीक, मी येते चार वर्षं चिनूकडे." तू आलीही असतीस, मला शंका नाही. पण मग बाबा ओतूरला एकटे. त्यांची गोळी कोण देणार, आणि एकटे असले की ते चहा-खारीवर दिवस काढतात हे काय मला ठाऊक नाही? आणि तू इथे चौथ्या मजल्यावर, ना अंगण, ना शेजारच्या काकू, ना तुझा मंगळवारचा हरिपाठ. माझ्या शिक्षणासाठी तुमचं घर मोडायचं नाही. यात तुमचं ओझं वाटतं असा अर्थ काढू नका. मला तुम्ही दोघं एकमेकांपाशी हवे आहात, बस.

लॅबमध्ये मी इतकी वर्षं कलेक्शनला, म्हणजे रक्ताचे नमुने घ्यायला, बसतेय, तेव्हा डोळे मिटून उडी मारलेली नाही. आतलं काम सोपं नाही. सकाळी पेशंटचा एकही नमुना मशीनला लावण्याआधी कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. तो पावडरच्या रूपात येतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच, समजा पाच मिली, डिस्टिल्ड वॉटर पिपेटनं मोजून घालायचं, झाकण लावून हलक्या हातानं फिरवायचं, फेस येऊ द्यायचा नाही आणि वीस-तीस मिनिटं थांबायचं. घाईनं हलवलं किंवा पाणी थोडं जास्त पडलं तर सगळी उत्तरं खाली येतात. मशीन बिघडलंय समजून लोक तासभर त्याच्या मागे लागतात आणि चूक त्या बाटलीत असते. कंट्रोल ठरलेल्या मर्यादेत बसला नाही तर बाहेर कितीही रांग असो, रिपोर्ट द्यायचा नाही. ही शिस्त मला मनापासून आवडते.

आणि पेशंट अगदीच सुटत नाही. सकाळचं कलेक्शन माझ्याकडेच राहणार आहे. म्हाताऱ्या माणसांची शीर सुईखालून सरकते. ती वर थापट्या मारून सापडत नाही. हात दोन मिनिटं कोमट कपड्यात गुंडाळायचा, खाली सोडायचा, मग अंगठ्यानं कातडी खालच्या बाजूला ताणून धरायची आणि बारीक बटरफ्लाय सुई घ्यायची. पट्टा बांधायचा तो बाहीवरून, नुसत्या कातडीवर नाही, म्हणजे चिमटा बसत नाही. हे मी परक्यांच्या आज्यांना करते तेव्हा मनात तूच असतेस, आई.

बाबा, तुमच्या मनात गावात आपली स्वतःची लॅब आहे. ते आताच मनातून काढा. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच लागते, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये ते स्पष्ट केलंय. टेक्निशियननं एकट्यानं लॅब थाटून रिपोर्ट द्यायचे, हे बरोबर नाही आणि मी ते करणार नाही. मी नोकरीच करेन. एक्स-रेचा आणि डायलिसिसचा कोर्सही पाहिला होता. डायलिसिस मला जमलं असतं, पण एकेक पेशंट चार तास मशीनवर, पहिली पाळी पहाटेच सुरू होते, आणि मधेच बीपी पडलं तर हातातलं सोडून निघता येत नाही. चिनू मोठा झाला असता तर वेगळा विचार केला असता.

लॅबमध्ये नाइट नसते असंही नाही. इथे तुर्भे, रबाळे, महापे पट्ट्यात मोठ्या लॅब आहेत. गावोगावचे सकाळचे नमुने तिथे संध्याकाळनंतर पोचतात आणि काम रात्रभर चालतं. तिथे पगार बरा आहे, तरी तिकडे जायचं नाही हे संदीपशी बोलून ठरवलंय. ठाण्यातच दिवसपाळी करायची.

तुम्हाला संसर्गाची भीती वाटते ना? हेपेटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत, शून्य, एक आणि सहा महिन्यांचे. पुढे अँटिबॉडीची पातळीही तपासलीय, चांगली आहे. वापरलेल्या सुईला आम्ही टोपण परत लावत नाही, टोचण्याचे प्रकार त्यातच जास्त होतात. सुई थेट पांढऱ्या जाड डब्यात. कोट लॅबमध्येच राहतो, घरी येत नाही. घरात शिरले की आधी हात-पाय, मग चिनू.

दिवस असा जाईल. पहाटे मी पोळ्या करून निघेन. लोकलनं ऐरोलीहून ठाणे म्हणजे मधे एक दिघा गाव स्टेशन, बसायला नाही मिळालं तरी दहा मिनिटांत उतरते. सात ते अकरा कलेक्शन, मग कॉलेज. संदीप चिनूला शाळेत सोडून ऑफिसला जातो, बारानंतर चिनू पाळणाघरात. त्या काकू त्याला वरण-भात गरम करून भरवतात, मी पाहून आलेय. पाचला मी त्याच्यापाशी. मी डबा खाते. हो, भाजी-पोळीच. तुझ्या लसणाच्या चटणीची बरणी संपत आलीय, मे महिन्यात येताना दे. तुझ्या हातचा दहीभात खाऊन तुझ्या मांडीवर डोकं टेकायचंय, बाकी मला काही नको.

आता बाबा, तुमचा रिपोर्ट. उपाशीपोटीची साखर ११८ आणि एचबीएवनसी ८.४. हे दोन एकमेकांशी जुळत नाहीत. एचबीएवनसी मागच्या तीन महिन्यांचा हिशोब सांगतं, त्याला एक-दोन दिवसांच्या पथ्यानं फसवता येत नाही. एकतर जेवणानंतर साखर चढतेय, नाहीतर नमुना नीट ठेवला गेला नाही. रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत तसंच पडून राहिलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. घेतलं गावात आणि तपासलं दोन-तीन तासांनी तालुक्याला, तर १४० ची १२० दिसणारच. म्हणून साखरेचं रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. पेशींचं साखर खाणं थांबवणाऱ्या त्यातल्या औषधालाही पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास जातात, तेव्हा जिथे घेतात तिथेच लगेच तपासणारी लॅब बघा, दादाला विचारा.

पुढच्या वेळी असं करायचं. रात्री नऊला जेवण, सकाळी सातला रक्त. मधे फक्त पाणी, ते मात्र भरपूर प्या, शीर सापडते. चहा नाही, मिश्री नाही, आणि त्या दिवशी आधी मळ्यात फेरी नाही. साखरेची गोळी घरून खाऊन जायची नाही, खिशात न्यायची. रक्त दिल्यावर गोळी आणि नेहमीचा नाश्ता, नेहमीइतकाच. रिपोर्ट चांगला यावा म्हणून अर्धी भाकरी खायची नाही. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे आणि मग खाल्ल्यानंतरच्या साखरेचं दुसरं रक्त द्यायचं. पट्टा बांधल्यावर मूठ उघडझाप करू नका, तुम्हाला ती सवय आहे. त्यानं पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं. जांभळ्या नळीतलं रक्त कुणी दुसऱ्या नळीत ओतताना दिसलं तर सरळ नको म्हणा. त्यातल्या रसायनातच पोटॅशियम असतं, तपासणी पूर्ण चुकते. नळीवर नाव तुमच्यासमोर लिहून घ्या. आणि वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन, हे यंदा राहिलंय. कंटाळा करू नका.

रिपोर्ट आला की फोटो सरळ धरून, उजेडात काढून पाठवा. माझ्या आधी तो डॉक्टरांना दाखवा. मी नळीबद्दल सांगू शकते, गोळी कमी-जास्त करणं त्यांचं काम. रागावून लिहिलंय असं समजू नका, बाबा.

फोन रात्री साडेआठनंतर करा, चिनू तेव्हा जागा असतो. सुशीलामावशीला मीच फोन करून सांगेन, तू आधी बोलू नकोस.

तुमची
ताई

ता. क. आई, थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतेस असं दादा म्हणाला. असं करायचं नाही. उठल्यावर नुसत्या पाण्यासोबत, आणि चहा निदान अर्ध्या तासानं. कॅल्शियमची गोळी दुपारी जेवणानंतर, दोन्हींत चार तास तरी हवेत, नाहीतर थायरॉइडची अंगी लागतच नाही. तपासणीच्या सकाळी रक्त देऊन झाल्यावरच गोळी घे. केसांसाठी आणलेल्या त्या बायोटिनच्या गोळ्या दोन दिवस आधीपासून बंद ठेव, त्यानं रिपोर्ट चुकतो.